मागची जोडचाकं

विश्रांतवाडी, पुणे
१८ ऑगस्ट २०२५

मन्सूरभाई,

नमस्कार. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मी बोलायचं, आपण ‘हां हां’ म्हणायचं आणि गाडी आणल्यावर ‘कशाला आणली’ म्हणून विचारायचं, हा प्रकार आता पुरे झाला. पत्रे ठोकून ठोकून आपले कान गेले, त्यात आपला दोष नाही. पण न ऐकता हो म्हणायची सवय मात्र आपलीच. म्हणून हे लेखी देतो. वैजनाथ पाण्याची फेरी संपवून येताना गॅरेजवर टाकेल.

काम असं आहे. रिटायर झाल्यावर मी घेतलेली जुनी पिकअप आपल्याला माहीत आहेच. माझा हा पुतण्या वैजनाथ तीच चालवतो आणि हिंजवडीच्या ऑफिसांना पाण्याचे जार पोहोचवतो. तिला मागे दोन्ही बाजूंना एकेकच चाक आहे. ती दोन-दोन करून हवीत. मोठ्या ट्रकला असतात तशी जोडचाकं.

माझा विचार असा, की एक चाक खड्ड्यात गेलं तर शेजारचं वर राहील आणि गाडीला धक्का निम्माच बसेल. दोन्ही चाकं एकदम मावतील असे खड्डेही पुण्यात आहेत, हे मान्य. पण सगळेच काही तसे नाहीत. शिवाय वळणावर गाडीचा मागचा भाग झुलतो, तोही थांबेल.

काम दिवाळीच्या आधी व्हायला हवं. का, कशासाठी, हे कृपया विचारू नये. बत्तीस वर्षं मी पिंपरीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं. माल मागणाऱ्याला ‘कशाला हवा’ असं मी कधी विचारलं नाही.

आपला,
दत्तप्रसाद

*

येरवडा
२१ ऑगस्ट

दत्तप्रसादराव,

सलाम. पत्र मिळालं. अक्षर इतकं सुंदर, की कमरजहांने आधी ते लग्नाचं आमंत्रण समजून ठेवून दिलं होतं.

काम करणार नाही.

का ते सांगतो, कारण मी स्टोअरकीपर नाही, मिस्त्री आहे. मागे जोडचाकं बसवायची म्हणजे बाहेरून चाकाला चाक चिकटवणं नव्हे. मागचा सगळा दांडा काढायचा, त्याचं लोखंडी कवच काढायचं, मोठ्या गाडीचं आणून बसवायचं. ब्रेकचे ड्रम बदलायचे, रिमा बदलायच्या, चाकं बाहेर येतात म्हणून मडगार्ड रुंद करायचे. कंपनीने गाडी एका चाकाची दिली, कागदावर एका चाकाची लिहिली. तिला दोन केली की ती कायद्यात बसत नाही. पासिंगला गेली तर साहेब हात लावणार नाही. उद्या काही झालं तर विमेवाला पाठ फिरवेल, आणि पोलीस विचारतील, हे कोणी केलं? तेव्हा तुम्ही फार सुंदर अक्षरात माझं नाव लिहून द्याल.

आणि मला कळत नाही असं समजू नका. दिवाळी आली, मालाची गर्दी आली. गाडीच्या ताकदीपेक्षा जास्त माल भरायचा आणि दोनच्या जागी एकच फेरी मारायची. आमच्याकडे रोज असे येतात. हावेला औषध नसतं, पण तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

कमरजहां विचारते, वहिनींची तब्येत कशी आहे? श्रावणात दर वर्षी पुरणपोळीचा डबा येतो, यंदा आला नाही. आमचं काही चुकलं का, असं तिला वाटतंय.

तुमचा,
मन्सूर

*

विश्रांतवाडी
२५ ऑगस्ट

मन्सूरभाई,

कायद्याच्या माहितीबद्दल आभारी आहे. ती मी मागितली नव्हती.

फेरी एकच आहे, हे आपण बरोबर ओळखलंत. एकदा जाऊन येणार. आल्यावर जोडचाकं काढून पूर्ववत एक-एक बसवून द्या. वजनाची काळजी आपल्याला नको. गाडी अजिबात डोलता कामा नये, एवढी एकच अट आहे. ती लिहून ठेवा, किंवा हे पत्रच ठेवा.

आपल्याला जमत नसेल तर आळंदी रस्त्यावर एक जण मधे लोखंडी चकती घालून एका दुपारीत दुसरं चाक लावून देतो म्हणे. मी चौकशी केली आहे.

सौ.ची तब्येत जरा नरम होती. आता ठीक आहे. वहिनींना सांगा, काही चुकलेलं नाही. डबा पुढच्या वर्षी.

दत्तप्रसाद

*

येरवडा
३० ऑगस्ट

दत्तप्रसादराव,

आळंदी रस्त्यावरचा तो माणूस मला माहीत आहे. त्याने लावलेलं चाक मी चाकणच्या पुढे रस्त्याच्या कडेला एकटं पडलेलं बघितलंय. गाडी नंतर सापडली. तुम्ही त्याच्याकडे जाणार असाल तर मला झोप लागणार नाही. या वयात झोप मुश्किलीने येते, ती तुमच्यासाठी घालवायची माझी तयारी नाही. म्हणून काम मी करतो.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मला एका पडीक टेम्पोचा मागचा दांडा कवचासकट मिळाला. चांगला आहे. कामरान म्हणाला, अब्बा, नसती भानगड कशाला गळ्यात घेता. तो म्हणतो ते खरं आहे.

आता अक्कल शिकवतो, ती ऐकून घ्या. मागची चारी टायरं एकसारखी घ्यायची. लोक काय करतात, दिसायला नवी टायरं बाहेर लावतात आणि झिजलेली आत. नवं टायर उंच असतं, सगळं ओझं त्याच्यावर येतं, तापतं आणि फुटतं. आतलं मजेत फिरत राहतं. तुम्ही स्टोअरवाले, जुना माल संपवायची तुम्हाला खोड असते, म्हणून आधीच सांगतो.

दुसरं. वजन सांगत नाही म्हणता आणि गाडी डोलता कामा नये म्हणता. मी काही दुधखुळा नाही. म्हणजे माल जड आणि वर उंच रचलेला. खालचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या त्या लोखंडी पट्ट्या, मी त्या हिशेबाने कडक करणार आहे. दोन पट्ट्या वाढवतो. मग ती झुलायची नाही.

काही सांगायचं असेल तर आता सांगा.

मन्सूर

*

विश्रांतवाडी
१२ सप्टेंबर

मन्सूरभाई,

आपला तर्क आपल्याजवळच ठेवावा. पट्ट्यांचं काय ते आपण बघा, त्यात मला गम्य नाही.

सांगायचं एवढंच. मागच्या हौद्यात चार कड्या वेल्डिंग करून घ्या. एक चार पायांचं सामान आहे. त्याचे पाय कड्यांना बांधता आले पाहिजेत. वर ताडपत्रीचं छप्पर हवं. आणि डाव्या बाजूला एक खिडकी ठेवा, उघडता येईल अशी. आत उजेड-वारा आला पाहिजे.

दत्तप्रसाद

*

येरवडा
१५ सप्टेंबर

दत्तप्रसादराव,

चार पाय आहेत, बांधून न्यायचं आहे, आणि वारा लागतो. म्हणजे म्हैस आहे. मग सांगायला लाजता कशाला? पण म्हशीला खिडकी कशासाठी, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही. गावं बघत जाणार आहे का ती?

गॅरेजमध्ये सगळे हसतायत. कमरजहां म्हणाली, दत्तप्रसाद भावजी म्हणजे म्हशीचीही नीट सोय करणारा माणूस.

मन्सूर

*

विश्रांतवाडी
१७ सप्टेंबर

मन्सूरभाई,

म्हैसच समजा. काम करा.

दत्तप्रसाद

*

येरवडा
८ ऑक्टोबर

दत्तप्रसादराव,

गाडी तयार आहे. वैजनाथला पाठवा.

स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण काम झकास झालंय. मागून बघितलं तर ती गाडी आपली वाटत नाही. अंगाने भरलेल्या माणसासारखी दिसते. आम्ही वाळूची पोती भरली, वर लोखंडी टेबल बांधलं आणि मी स्वतः तिला विमानतळाकडच्या वळणावर घातली. तसूभर झुकली नाही. कामरान आधी नाकं मुरडत होता, तोही गप्प बसला. आता म्हैस काय, हत्ती चढवा.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. दोन चाकांच्या मधल्या फटीत दगड अडकतो, तो सुटला तर मागच्याचं डोकं फुटेल. निघताना फट बघायची. आतल्या टायरात हवा आहे की नाही ते बाहेरून दिसत नाही. टॉमीने, म्हणजे चाक खोलायच्या लोखंडी दांडीने, ठोकून आवाज ऐकायचा. माझ्यासारखा बहिरा ड्रायव्हर ठेवू नका.

आणि रिकामी पळवू नका. पाटे मी मालाच्या हिशेबाने कडक केलेत. वजन असेल तर ती जमिनीला धरून चालेल. रिकामी असली की उडेल, तव्यावरच्या लाहीसारखी.

खिडकी केली आहे. कमरजहांने तिला पडदा शिवलाय. मी नको म्हणत होतो, म्हशीला कसला पडदा. ती म्हणाली, असू दे.

दिवाळीच्या शुभेच्छा. वहिनींना सलाम.

मन्सूर

*

येरवडा
२७ ऑक्टोबर

दत्तप्रसादराव,

दिवाळी होऊन गेली. गाडी नाही, पत्र नाही. फेरी झाली का? वैजनाथ दोनदा गॅरेजवरून गेला, थांबला नाही. हात केला तर मान खाली घातली.

काम आवडलं नसेल तर तसं लिहा. तुम्हाला लिहिता येत नाही असं नाही. जोडचाकं काढायची आहेत ना?

मन्सूर

*

विश्रांतवाडी
२९ ऑक्टोबर

मन्सूरभाई,

आता सगळं लिहितो.

म्हैस नव्हती. पलंग होता. त्यावर सुशीला होती.

सुशीलाला कॅन्सर आहे. मार्चमध्ये कळलं. तो मणक्यात उतरलाय. तिला मी मणक्याची झीज आहे असं सांगितलं होतं, आणि बाकी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं असतं तर कमरजहां वहिनी शिऱ्याचं पातेलं घेऊन डोळे पुसत आल्या असत्या, आणि सुशीलाला एका मिनिटात कळलं असतं. म्हणून डबा आला नाही.

जुलैत तिला दवाखान्यातून घरी आणलं ते याच पिकअपमधून. रुग्णवाहिकेत बसायला ती तयारच होईना. तिची आई तसल्या गाडीतून गेली ती परत आली नाही, म्हणून. गाडी प्रत्येक वळणाला मागे झुलायची आणि ती गादीवर इकडून तिकडे सरकायची. घरापर्यंत ती ओरडत आली. त्या दिवशी शेजारून एक टेम्पो गेला, मागे जोडचाकं असलेला. तो अगदी ताठ चालला होता. तेव्हा माझ्या डोक्यात हे आलं.

तिला एकच हवं होतं. पुसदजवळ खेड्यात तिची धाकटी बहीण गोदाबाई राहते. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेलेत, आणि गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडल्यापासून ती खाटेवर आहे. दोघी रोज फोनवर बोलतात. मी व्हिडिओ कॉल लावून दिला तर गोदा फोनच्या काचेवरून हात फिरवून म्हणाली, हे तर गार लागते. तिला सुशीलाला हात लावायचा होता, आणि सुशीलाला दिवाळीला तिच्याजवळ जायचं होतं. बाकी काही मागितलं नाही तिने माझ्याकडे, आयुष्यभर.

दिवाळीच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. खराडीपर्यंत रस्ता बरा होता. सुशीला खिडकीतून बघत होती, पडदा तिला फार आवडला. वाघोलीला पहिला गतिरोधक आला आणि पलंग सगळा उडाला. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसता श्वास आत ओढला. वैजनाथ बैलगाडीच्या चालीने चालवत होता. मागचे लोक शिव्या घालत होते. तरी प्रत्येक भेगेला, प्रत्येक खडीला गाडी उडत होती. तुम्ही लिहिलं होतं, रिकामी पळवू नका. मी ते वाचलं होतं. मला वाटलं, रिकामी कुठे आहे, सुशीला आहे की आत.

लोणीकंदला तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, परत फिरा. मी म्हणालो, अगं, गोदा वाट बघतेय, पुढे रस्ता चांगला आहे. ती म्हणाली, मला सगळं माहीत आहे. मणक्याच्या झिजेला कुणी गाडीला खिडकी करून देत नाही. आता नेता येत नाही, एवढं मान्य करा.

मी मान्य केलं. परत आलो.

गोदाने अंगण सारवून घेतलं होतं म्हणे. फोनवर विचारत होती, कुठपर्यंत आलात.

तुमच्या कामात खोट नाही. गाडी जराही डोलली नाही.

दत्तप्रसाद

*

येरवडा
३० ऑक्टोबर

दत्तप्रसादराव,

रात्रभर बसून हे लिहितोय. तुम्ही म्हैस म्हणालात आणि मी म्हशीसाठी गाडी केली. ‘म्हैसच समजा’ हे तुम्ही कोणत्या तोंडाने लिहिलं असेल, ते आता कळतंय. आणि मी गॅरेजमध्ये वाचून दाखवून हसवत होतो सगळ्यांना.

तुम्ही सांगितलं असतं तर मी पट्ट्या वाढवल्या नसत्या, काढल्या असत्या. पाटे वाकायला वजन लागतं. वहिनींचं वजन ते काय असणार? जोडचाकांनी डोलणं थांबतं, धक्का थांबत नाही, उलट वाढतो. हे तुम्हाला माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत होतं. पण मी चेष्टा केली, चौकशी केली नाही. एकदा तुमच्या घरी येऊन चहा प्यायलो असतो तर सगळं डोळ्यांना दिसलं असतं. त्याला कान लागत नाहीत. तुमच्यावरही राग येतो. चाळीस वर्षांची ओळख, आणि माझ्यापासून लपवलंत.

ते राहू द्या. इलाज आहे. वाढवलेल्या पट्ट्या काढतो. हौद्यात खाली वाळूची पोती पसरतो, भरपूर, आणि त्यावर पलंग बांधतो. वजनाने गाडी खाली बसते आणि पाण्यातून चालल्यासारखी चालते. जोडचाकं असल्यामुळे झुलणारही नाही. अशा गाडीतून मी मशिदीच्या झुंबराची काच नेली आहे, एक लोलक तडकला नाही. गाडी आजच पाठवा. वहिनींना पुसदला नेऊ. मी बरोबर येतो.

मन्सूर

*

विश्रांतवाडी
३ नोव्हेंबर

मन्सूरभाई,

वाळूची युक्ती उत्तम आहे. ती मला ऑगस्टमध्ये हवी होती. तेव्हा मी तुम्हाला ‘विचारू नये’ असं लिहीत बसलो होतो.

त्या दिवसापासून सुशीलाचे पाय हलत नाहीत. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला, मणका खचलाय. आधीच पोखरलेला होता, कधीतरी खचणारच होता, असं ते म्हणाले. मी बाहेर येऊन विचार करत बसलो की कधीतरी म्हणजे वाघोलीलाच का? आता तिला या खोलीतून त्या खोलीतही हलवायचं नाही.

दुखण्यावर औषध सुरू केलंय. त्याने ती बहुतेक वेळ झोपते. जागी असते तेव्हा शब्द जुळत नाहीत. गोदाचा फोन येतो तेव्हा मी सांगतो, झोपली आहे.

गाडीचं तुम्हाला काय करायचं ते करा.

दत्तप्रसाद

*

येरवडा
५ नोव्हेंबर

दत्तप्रसादराव,

वहिनींना नेता येत नाही तर गोदाबाईंना आणता येईल.

वैजनाथ गाडी घेऊन आला होता. पट्ट्या काढल्या, वाळू भरली, पलंग बांधला. आज मी स्वतः त्या पलंगावर झोपलो आणि वैजनाथला वाघोलीपर्यंत न्यायला सांगितलं. येताना मला डुलकी लागली.

त्यांच्या गावच्या डॉक्टरांशी कामरान बोललाय. हाड जुनं आहे, आडवं आणलं तर चालेल म्हणतात. मी, वैजनाथ आणि कमरजहां जातो. बाईमाणूस बरोबर हवं. तुम्ही फक्त हो म्हणा. नाही म्हणालात तर ते मला ऐकू येणार नाही.

मन्सूर

*

येरवडा
१२ नोव्हेंबर

दत्तप्रसादराव,

काल तुमच्या दारातून निघालो तेव्हा बोलायला सुधरत नव्हतं, म्हणून आज लिहितो.

गोदाबाईंना सगळ्या रस्त्यात एक धक्का लागला नाही. नगरच्या पुढे त्या चक्क घोरत होत्या, असं कमरजहां म्हणाली. तुमच्या घरात त्यांची खाट वहिनींच्या पलंगाला लावली, आणि त्यांनी वहिनींचे हात हातात घेतले, चेहऱ्यावरून हात फिरवला. मी दारात होतो. ते मी बघितलं. त्या काहीतरी बोलत होत्या, तुम्हीही बोलत होता. मला ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरजही नव्हती. मी बाहेर येऊन गाडीला टेकून रडलो. म्हटलं, उशिरा का होईना, हातून घडलं.

कमरजहां कालपासून गप्प आहे. प्रवासाने थकली असेल.

मन्सूर

*

विश्रांतवाडी
२४ नोव्हेंबर

मन्सूरभाई,

सुशीला सोळा तारखेला गेली, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही शेवटपर्यंत बरोबर होता.

तुमचं बारा तारखेचं पत्र मी कितीदा वाचलं. तुम्ही जे बघितलं तेच खरं असं तुम्हाला समजू द्यावं, असं मनात होतं. कमरजहां वहिनींनाही मीच सांगितलं होतं, मन्सूरभाईंना काही बोलू नका. पण लपवून काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय. म्हणून लिहितो.

गोदाने हात हातात घेतले आणि ती थांबली. मनगट चाचपलं, मग दंड, मग तोंडावरून हात फिरवला. आणि म्हणाली, “हे कोन हाय?”

मी म्हणालो, गोदाताई, हीच सुशीला. ती म्हणाली, “मले आंधळीले फसवता काय भाऊजी? सुशीच्या मनगटावर बांगडी चढत नव्हती. ह्या तर काड्या हायेत. हे कोणी दुसरीच म्हातारी हाय. माह्या सुशीले बोलवा न.”

मी पुन्हा सांगितलं. वहिनींनी सांगितलं, वैजनाथने सांगितलं. ती म्हणाली, “मग बोलत काऊन नाही? रोज तर फोनवर बोलते. एक शब्द बोल म्हना, मी वळखतो.”

सुशीलाचा एक शब्द निघाला असता तर झालं असतं. मी तिच्या कानाशी जाऊन म्हणालो, सुशीला, गोदा आली आहे, तिला हाक मार. तिचे डोळे उघडे होते, गोदाकडेच होते. तिला ऐकू येत होतं की नाही, मला माहीत नाही. तिचे ओठ हलले नाहीत. दिवाळीत तिला बोलता येत होतं, मन्सूरभाई. लोणीकंदला ती माझ्याशी भांडण्याइतकं बोलत होती.

मग गोदाने हात सोडला आणि पदराला पुसला. खाट दुसऱ्या खोलीत न्यायला लावली. पाच दिवस ती तिथून विचारत होती, सुशी दवाखान्यातून कधी येईल? मी आधी समजावत होतो, मग समजावणं सोडलं. येईल म्हणालो.

सोळा तारखेला घरात रडणं ऐकून तिने विचारलं. मी सांगितलं, सुशीला गेली. ते मात्र तिने लगेच खरं मानलं. तिने इतका आकांत केला की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. मी तिची खाट सुशीलाजवळ न्यायला सांगितली, तर ती म्हणाली, नको, मले पुन्हा त्या बाईपाशी नेऊ नका.

काल वैजनाथ तिला गावी सोडून आला. तो सांगत होता, सगळ्या रस्त्यात ती एवढंच म्हणत होती, “इतक्या दूर आली, पन भाऊजीनं मले सुशीची भेट काही होऊ देल्ली नाही.”

दत्तप्रसाद